श्तेफान योवान: स्तेआवाचा कप उचलणारा उजवा बचावपटू

मैदानवेडा

१९८६ च्या युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) फायनलचा विषय निघाला की एकच नाव पुढे येतं, हेल्मुट डुकादाम. यायलाच हवं. बार्सिलोनाच्या चारच्या चार पेनल्टी अडवणारा, रोमानियाच्या स्तेआवा क्लबचा गोलकीपर कोण विसरेल? पण ७ मे १९८६ च्या त्या रात्री सेव्हिलच्या सांचेझ पिझुआन मैदानावर कप हातात घेऊन उंचावला तो श्तेफान योवानने. त्याच्याबद्दल मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून हा धागा.

योवानचा जन्म २३ ऑगस्ट १९६० चा, दोल्झ जिल्ह्यातल्या मोत्सत्सेई गावचा. रोमानियाच्या नैऋत्य कोपऱ्यात, डॅन्यूब नदीच्या बाजूला हा भाग येतो. दोल्झचं मुख्य शहर क्रायोव्हा, आणि योवान विशीत आला तेव्हा रोमानियन फुटबॉलमध्ये क्रायोव्हाचाच बोलबाला होता. युनिव्हर्सितातेआ क्रायोव्हाने १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकली. १९८३ मध्ये तो संघ यूएफा कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि बेनफिकाकडून निव्वळ परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने (एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) बाहेर पडला. दोल्झमधल्या पोराने स्वप्न पाहावं तर ते क्रायोव्हाचं, असा तो काळ.

योवान मात्र बुखारेस्टला गेला, स्तेआवाकडे. स्तेआवा म्हणजे सैन्याचा क्लब. आणि १९८० च्या आसपास तिथे जाणं म्हणजे विजेत्यांच्या पंगतीत जाऊन बसणं नव्हतं. १९७८ नंतर स्तेआवाने लीग जिंकली नव्हती. क्रायोव्हाची दोन वर्षं सरली की दिनामो बुखारेस्टची तीन सुरू झाली: १९८२, १९८३, १९८४. म्हणजे कारकिर्दीची पहिली काही वर्षं योवानने दुसऱ्यांना कप उचलताना पाहण्यात घालवली. मग १९८५ ला लीग आली, आणि १९८९ पर्यंत सलग पाच वेळा आली. त्यातच जून १९८६ ते सप्टेंबर १९८९ या काळात स्तेआवा लीगमध्ये सलग १०४ सामने हरला नाही.

आता सेव्हिलकडे. या सामन्याचं रेकॉर्डिंग पाहायला बसणार असाल तर धीर धरून बसा. १२० मिनिटं खेळ झाला आणि गोल शून्य. मैदानात सुमारे ७०,००० माणसं, जवळपास सगळी बार्सिलोनाची. स्तेआवा पांढऱ्या पोशाखात. मागे चौघे: उजवीकडे योवान, डावीकडे बर्बुलेस्कू, मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या फॉरवर्डला चिकटून राहणारा बुंबेस्कू, आणि त्याच्या मागे मोकळा फिरणारा लिबेरो, मिओद्राग बेलोदेदिच. प्रशिक्षक एमेरिच येनेई यांनी स्पेनमध्ये येऊन स्पॅनिश संघाला धावायला लावलं. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, आडवा फिरवायचा, वाट मिळाली नाही तर मागे द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

यातला मागे देण्याचा भाग आजच्या प्रेक्षकाला समजून घ्यावा लागतो. तेव्हा सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपर हाताने उचलू शकत असे. ही मुभा १९९२ मध्ये गेली. त्यामुळे दबावाखाली सापडलेल्या बॅकला डुकादामकडे चेंडू देऊन श्वास घेता यायचा. काही जणांना हा खेळ नकारात्मक वाटतो. मला वाटत नाही. परक्या देशात, सगळं स्टेडियम शिट्ट्या मारत असताना, तासन्‌तास घाई न करणं याला मनाची जबरदस्त ताकद लागते, आणि ती या चौघांकडे होती. त्या मोसमात युरोपियन कपच्या ९ सामन्यांत मिळून स्तेआवाने ५ गोल खाल्ले. वेय्ले, होनवेद, कूसिसी लाहती, अँडरलेख्त आणि बार्सिलोना यांच्याविरुद्ध मिळून फक्त पाच!

मग पेनल्टी. स्तेआवाच्या मझारूची बार्सिलोनाचा गोलकीपर उरुतीने अडवली. बार्सिलोनाच्या आलेक्सांकोची डुकादामने. बोलोनीची उरुतीने. पेद्राझाची डुकादामने. चार पेनल्टी झाल्या आणि दोन्हीकडे शून्य. मग लकतुशने जीव खाऊन मारलेला चेंडू जाळ्यात गेला. पिची आलोन्सोची अडवली, बालिंटने शांतपणे गोल केला, मार्कोसची अडवली. पहिल्या तिन्ही वेळा डुकादाम आपल्या उजवीकडे झेपावला, चौथ्यांदा डावीकडे. २-०. पूर्व युरोपातल्या कुठल्याही क्लबने याआधी हा कप जिंकला नव्हता.

आणि मग मिशीवाल्या डुकादामभोवतीच्या गर्दीतून योवान पुढे येतो आणि कप घेतो.

हा माणूस स्तेआवाकडे दहा-अकरा वर्षं राहिला. देशासाठी तीसहून अधिक सामने खेळला. १९८९ मध्ये पुन्हा युरोपियन कपच्या फायनलमध्ये उतरला. निष्ठावान खेळाडूंच्या याद्यांत इटालियन आणि इंग्लिश नावंच पुढे असतात. त्यांत योवानचं नाव असावं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा

सुरेख लिहिलंय. एक शंका. मी कुठेतरी वाचलंय की तेव्हाचा स्तेआवाचा कर्णधार तुदोरेल स्तोइका होता. मग कप योवानकडे कसा?

मैदानवेडा

बरोबर, नेहमीचा कर्णधार स्तोइकाच. पिवळ्या कार्डांमुळे तो फायनलसाठी निलंबित होता. मधल्या फळीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूसच नाही, त्यात बार्सिलोनाचं घरचंच म्हणावं असं मैदान. त्या परिस्थितीत दंडावर पट्टी आली ती उजव्या बॅकच्या. मधल्या फळीतली पोकळी भरायला येनेईंनी काय केलं बघा: ७२ व्या मिनिटाला आपला सहायक प्रशिक्षक अंगेल योर्दनेस्कू याला मैदानात उतरवलं! वय ३६, खेळणं जवळपास थांबलेलं. पण चेंडू पायाशी ठेवता येणारा अनुभवी माणूस हवा होता, आणि तो बाकावरच बसला होता.

तर्कट

लेख आवडला, पण शेवटचा परिच्छेद पटला नाही. निष्ठा म्हणायला पर्याय तरी असावा लागतो ना? हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियात खेळाडूला परदेशी क्लबशी करार करायची मुभाच नव्हती. तिशी उलटलेल्या एखाद्याला क्वचित परवानगी मिळे, जसा बोलोनी १९८७ मध्ये बेल्जियमला गेला. बाकीच्यांसमोर दोनच रस्ते, राहा नाहीतर पळा. स्तेआवाचाच मार्सेल रदुकानू १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या दौऱ्यावरून परतलाच नाही, पुढे डॉर्टमुंडकडून खेळला. सीमा बंद असलेल्या देशात एका क्लबला दहा वर्षं देणं याला निष्ठा म्हणावं की नाइलाज?

शिवाय स्तेआवा. सैन्याचा क्लब म्हणजे खेळाडू कागदोपत्री सैनिक, सैन्यातला हुद्दा, सैन्याचा पगार. छोट्या क्लबमधला चांगला पोरगा सक्तीच्या लष्करी सेवेच्या वयात आला की स्तेआवा त्याला उचलू शकत असे. गृहखात्याचा दिनामोही तेच करी. दुसऱ्या क्लबांची माणसं अशी ओढून आणणाऱ्या संस्थेशी ‘निष्ठा’ हा शब्द जोडताना मला अडखळायला होतं.

जुना_हाफबॅक

तर्कट यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत. रोमानियाच्या गेओर्गे हाजी या फुटबॉलपटूचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोनॅकोत डिनामो कीव्हविरुद्ध सुपर कपचा एक सामना होता, त्या एका सामन्यापुरता म्हणून स्तेआवाने त्याला स्पोर्तुल स्तुदेन्त्सेस्ककडून घेतलं. हाजीने फ्री किकवर गोल केला, स्तेआवा १-० ने जिंकला, आणि हाजी परत गेलाच नाही. स्पोर्तुलला विचारतो कोण!

पण धागाकर्त्याने क्रायोव्हाचं नाव काढलं म्हणून दुसऱ्या बाजूचं एक नाव सांगतो. कोस्तिका श्तेफानेस्कू. हाही बचावपटू, लिबेरो. जन्म बुखारेस्टचा, खेळायला सुरुवात स्तेआवात. १९७३ मध्ये तो स्तेआवा सोडून क्रायोव्हाला गेला आणि १९८६ पर्यंत, तेरा वर्षं, तिथेच राहिला. तुम्ही वर ज्या १९८३ च्या उपांत्य फेरीबद्दल लिहिलंय, त्या संघाचा कर्णधार हाच. १९८४ च्या युरो स्पर्धेतही रोमानियाकडून खेळला. राजधानीचा, सैन्याच्या क्लबात वाढलेला माणूस प्रांतातल्या, विद्यार्थ्यांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्लबात गेला आणि तिथलाच झाला. दोल्झचा योवान उलट दिशेने गेला. दोघं लीगमध्ये कित्येकदा आमनेसामने आले असतील.

तर बंद देशातही आतल्या आत निवड करायला थोडी जागा होती, असं श्तेफानेस्कूवरून म्हणता येतं. निष्ठेसाठी मी आधी त्याचं नाव घेईन.

सावनी

एका बचावपटूचं नाव तुम्ही सगळे ओझरतं घेऊन पुढे जाताय. माझ्या मते हा धागा त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही: मिओद्राग बेलोदेदिच. मी स्वतः फुटबॉल फार बघत नाही, पण पूर्व युरोपचा इतिहास वाचते, आणि त्या वाचनातच हा माणूस भेटला.

बेलोदेदिच वंशाने सर्ब. जन्म सोकोल नावाच्या गावातला, रोमानियाच्या अगदी युगोस्लाव्ह सीमेवर, डॅन्यूबच्या काठी. लहानपणापासून त्याचा जीव बेलग्रेडच्या रेड स्टार या क्लबवर. खेळायचा मात्र स्तेआवात, आणि खेळायचा असा की लोक त्याला ‘हरीण’ म्हणत. मैदानावर पळताना इतका हलका. १९८६ च्या फायनलमध्ये तो बावीस वर्षांचाही नव्हता.

डिसेंबर १९८८ मध्ये नातेवाइकांना भेटायला म्हणून तो युगोस्लाव्हियात गेला आणि परत आला नाही. बेलग्रेडला जाऊन रेड स्टारचं दार ठोठावलं. तो सैन्याच्या क्लबचा खेळाडू, म्हणजे सैन्यातला माणूस. म्हणून आरोप साधा नव्हता, देशद्रोहाचा होता. त्याच्या गैरहजेरीत त्याला १० वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्यातच अधिकृत सामने खेळायला एका वर्षाची बंदी. चोवीस-पंचवीस वर्षांच्या खेळाडूचं सगळ्यात चांगलं वर्ष असं गेलं. एका वर्षाने, डिसेंबर १९८९ मध्ये, चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि मग ती शिक्षाही गेली.

१९९१ मध्ये बारीला रेड स्टार विरुद्ध मार्से. पुन्हा फायनल, पुन्हा १२० मिनिटं गोलशून्य, पुन्हा पेनल्टी. रेड स्टारची तिसरी पेनल्टी मारायला बेलोदेदिच गेला आणि त्याने ती घातली. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून फायनलमध्ये खेळून युरोपियन कप जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला.

आता मला सांगा, लहानपणापासून ज्या क्लबवर जीव आहे त्याच्यासाठी घर, देश, मिळालेलं सगळं सोडून, तुरुंगाची टांगती तलवार घेऊन जाणारा माणूस निष्ठावान की गद्दार? योवानला निष्ठावान म्हणायचं आणि याला नाही, हे मला मान्य नाही.

कोकणकडा

सावनीताई, अंगावर काटा आला. हे माहीत नव्हतं.

मैदानवेडा

तर्कट, जुना_हाफबॅक, सावनी, तिघांनाही एकत्र उत्तर देतो.

जाण्याची मुभा नव्हती, हे शंभर टक्के खरं. योवान रोमानियात का राहिला याचं उत्तर त्यात मिळतं. पण इतकी वर्षं तो पहिल्या अकरात का राहिला, याचं उत्तर त्यात नाही. सैन्याचा क्लब माणसं ओढून आणायचा, असं तुम्हीच म्हणता. मग विचार करा, दरवर्षी देशातला कुठलाही चांगला उजवा बॅक स्तेआवाला आणता आला असता. ज्या क्लबला कोणीही मिळू शकतं तिथे जागा टिकवणं सोपं असतं का? सीमा बंद असल्यामुळे योवानला उलट जास्त स्पर्धा होती, कारण देशातले सगळे चांगले बॅक देशातच होते.

आणि तो काळ कसा होता हेही डोळ्यांसमोर आणा. परकीय कर्ज फेडायच्या हट्टापायी चाउशेस्कूने देश अंधारात ठेवला होता. वीज मोजून, अन्न रेशनवर, टीव्ही दिवसाला जेमतेम दोन तास. फायनलच्या अकरा दिवस आधी, २६ एप्रिलला, चेर्नोबिलची दुर्घटना झाली आणि किरणोत्सर्गाचे ढग रोमानियावरही आले. अशा देशात लोकांच्या वाट्याला मनापासूनचा आनंद देणाऱ्या गोष्टी फार थोड्या होत्या, आणि त्यातली एक हा संघ होता. सेव्हिलहून विमान परतलं तेव्हा विमानतळावर हजारो माणसं जमली होती. त्यांना तिथे कोणी हुकूम देऊन आणलं नव्हतं. हे खेळाडू आजच्या अर्थाने श्रीमंतही झाले नाहीत. युरोप जिंकल्याचं बक्षीस म्हणून ‘आरो’ ही रोमानियन बनावटीची जीप मिळाल्याचं त्यांच्यापैकी काहींनी नंतर सांगितलं आहे.

सावनीताई, बेलोदेदिचला मी गद्दार म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण त्याच्या जाण्याची किंमत मागे राहिलेल्यांनी मैदानावर मोजली, हे लिहायला हवं. तो गेला डिसेंबर १९८८ ला. पाच महिन्यांनी, २४ मे १९८९ ला, स्तेआवा पुन्हा युरोपियन कपच्या फायनलमध्ये, या वेळी बार्सिलोनाच्याच काम्प नोउवर, समोर ए. सी. मिलान. बचावफळीत योवान आहे, बुंबेस्कू आहे, आणि ज्याच्या जिवावर ती फळी उभी होती तो नाही. त्याच्या जागी फळीत २१ वर्षांचा दान पेत्रेस्कू. गुलिट दोन, व्हॅन बास्टेन दोन, ४-०. बेलोदेदिच असता तर स्तेआवा जिंकला असता असं मी म्हणत नाही, त्या दिवशीचं मिलान कोणालाच आवरलं नसतं. पण सेव्हिलला योवानच्या शेजारी जो भरवसा उभा होता तो काम्प नोउवर नव्हता, आणि तरी योवान उतरला आणि शेवटपर्यंत खेळला.

म्हापशेकार

गोव्यातून लिहितोय. तर्कट यांचा ‘पगारपत्रकावरचे खेळाडू’ हा मुद्दा आपल्याकडच्या लोकांना चटकन समजेल असं वाटतं. मुंबईत महिंद्र, एअर इंडिया, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका यांचे संघ होते. खेळाडूला क्लबने नव्हे, कंपनीने घेतलेलं असायचं. नोकरी पक्की, त्यामुळे तो पंधरा-पंधरा वर्षं एकाच संघात. कोणी त्याला निष्ठा म्हणायचं नाही, कायमस्वरूपी म्हणायचं. गोव्यात साळगावकर आणि धेंपो यांच्यामागेही उद्योगच. तरी आमच्याकडे ब्रह्मानंद शंखवाळकर यांचं नाव साळगावकरपासून वेगळं काढता येत नाही. गोलपोस्टखाली त्यांनी त्या जर्सीत आपली वर्षं घातली आणि लोकांनी त्यांना आपलं मानलं. नोकरी कोण देतं याचा गॅलरीतल्या माणसाला फरक पडत नाही. तो खेळ बघतो आणि खेळाडू कितीदा परत त्याच जर्सीत आला हे बघतो.

म्हणून माझं मत मैदानवेडा यांच्या बाजूने.

बुखारेस्टकर

कामानिमित्त काही वर्षं बुखारेस्टमध्ये राहतोय. इथला एक पैलू बाहेरच्यांना सहसा कळत नाही: स्तेआवाशी निष्ठा म्हणजे कोणत्या स्तेआवाशी?

१९८९ च्या क्रांतीनंतर फुटबॉलचा विभाग सैन्याच्या क्लबपासून वेगळा झाला आणि पुढे उद्योजक जॉर्जे बेकाली यांच्या हातात गेला. मग सैन्याने नाव आणि चिन्ह आमचं आहे म्हणून कोर्टात खेचलं. २०१७ मध्ये बेकालींच्या क्लबला नाव बदलून एफसीएसबी व्हावं लागलं. त्याच वर्षी सैन्याच्या क्लबने, म्हणजे सीएसए स्तेआवाने, आपला फुटबॉल संघ पुन्हा सुरू केला, थेट चौथ्या श्रेणीपासून. १९८६ चा कप नक्की कोणाच्या खात्यात, यावर वर्षानुवर्षं खटले चालले.

आणि १९८६ चे खेळाडूही दोन्हीकडे विभागले गेले. डुकादाम बरीच वर्षं बेकालींच्या क्लबचा अध्यक्ष होता. मारियुस लकतुश, ज्याने सेव्हिलला पहिली पेनल्टी घातली, तो सैन्याच्या नव्या संघाचा प्रशिक्षक झाला. दोघांनीही स्तेआवासाठी जीव तोडून खेळलेलं. डुकादामच्या दंडात रक्ताची गुठळी झाली आणि सेव्हिलनंतर काही आठवड्यांतच त्याचा सर्वोच्च पातळीवरचा खेळ संपला होता. २ डिसेंबर २०२४ ला तो गेला तेव्हा मात्र दोन्ही बाजूंचे लोक हळहळले. माझ्या ऑफिसात एक जण एफसीएसबीचा, एक घेन्चा भागात वाढलेला सीएसए स्तेआवाचा. एरवी त्यांचं या विषयावर पटत नाही. त्या दिवशी दोघंही जेवणाच्या सुट्टीत एकाच मोबाइलवर त्या चार पेनल्टी बघत बसले होते.

तर्कट

बुखारेस्टकर, धन्यवाद. हे वाचून माझा मुद्दा अधिकच ठाम झाला. क्लब हा शेवटी एक शिक्का असतो आणि तो ज्याच्या हातात असेल त्याचा. स्तेआवाच्या सोनेरी वर्षांवर सत्तेचा हात होता हे विसरून चालणार नाही. चाउशेस्कूचा मुलगा वालेंतिन क्लबच्या अगदी जवळचा. १९८८ च्या रोमानियन कपची फायनल आठवा. स्तेआवा-दिनामो, १-१, शेवटच्या मिनिटाला बालिंटचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला आणि स्तेआवाचा संघ मैदान सोडून निघून गेला. कप कोणाला दिला? स्तेआवालाच. क्रांतीनंतर त्यांनी त्यावरचा हक्क सोडला, ते बरं केलं. पण त्या दिवशी मैदान सोडणाऱ्यांकडे पाहून दिनामोच्या चाहत्याला काय वाटलं असेल?

योवान चांगला खेळाडू होता, जिगरबाज होता, हे सगळं कबूल. ‘निष्ठावान’ हे विशेषण मात्र ज्याने मोकळ्या बाजारात राहून दाखवलं त्यालाच मी देईन.

चेंडूफळी

मोकळ्या बाजारातलं उदाहरण हवं तर माझ्या पिढीचं घ्या: रझवान रात्स. डावा बॅक. रापिद बुखारेस्टकडून लीग जिंकून २००३ मध्ये शाख्तार दोनेत्स्कला गेला आणि २०१३ पर्यंत, पूर्ण दहा वर्षं, तिथेच. युक्रेनची लीग सात वेळा जिंकला. २००९ मध्ये इस्तंबूलला वेर्डर ब्रेमेनला जादा वेळेत २-१ हरवून यूएफा कप जिंकला, त्या संघात होता. प्रशिक्षकही रोमानियन, मिर्चा लुचेस्कू. त्या दहा वर्षांत शाख्तारमध्ये ब्राझीलची पोरं येत होती, दोन-तीन मोसम चमकत होती आणि मोठ्या रकमेला पश्चिमेकडे विकली जात होती. रात्स मागे तसाच. रोमानियाकडून ११३ सामने खेळला. याच्याकडे पर्याय होते आणि तो राहिला.

आमच्या लहानपणी रोमानिया म्हणजे फक्त हाजी असं घरचे सांगायचे. मला तो रात्समुळे कळला.

जुना_हाफबॅक

रात्स उत्तम उदाहरण. आणि एकच क्लब, शेवटपर्यंत, असं म्हणायचं तर कोर्नेल दिनू. दिनामो बुखारेस्ट, १९६६ ते १९८३, मध्ये दुसरा कुठला क्लब नाही. सहा लीग विजेतेपदं. कायद्याचं शिक्षण घेतलेला, म्हणून लोक त्याला ‘सरकारी वकील’ म्हणायचे. १९७० च्या विश्वचषकात ग्वादालाहारात ब्राझीलने रोमानियाला ३-२ हरवलं. पेलेचे दोन, जाइर्झिन्होचा एक. त्या दिवशी पेलेसमोर रोमानियाच्या बचावात दिनू होता. त्या ब्राझीलला दोन गोल घालून फक्त एका गोलाने हरणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे दिनामोचा प्रशिक्षक होऊन त्याने लीग पुन्हा जिंकून दिली. तर्कट म्हणतील हाही बंद सीमेच्या काळातला आणि गृहखात्याच्या क्लबातला. असेल. पण सतरा वर्षं!

सावनी

सगळ्यांची उदाहरणं वाचली. बेलोदेदिचच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगायचा राहिला, तो सांगते.

१९९४ चा विश्वचषक. तोवर शिक्षा गेलेली, तो पुन्हा रोमानियाच्या संघात. उपांत्यपूर्व सामना स्वीडनविरुद्ध, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू झाला, आमच्या चाळीत अर्धी माणसं जागी होती. २-२, पुन्हा पेनल्टी. १९८६ ला ज्याच्यावर पेनल्टी मारायची वेळच आली नाही, १९९१ ला ज्याने ती घातली, त्याची या वेळी स्वीडनचा गोलकीपर राव्हेलीने अडवली आणि रोमानिया बाहेर. त्याच्या आधी पेत्रेस्कूचीही अडवली होती. म्हणजे १९८९ ला स्तेआवाच्या फळीत जो आला तो, आणि ती जागा सोडून जो गेला तो, दोघंही त्या रात्री एकाच संघात एकाच दुःखात.

स्पेन आणि मेक्सिको फिरून १९९८ मध्ये बेलोदेदिच कुठे परतला? स्तेआवात. ज्या क्लबच्या गणवेशामुळे त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली होती त्याच क्लबात. २००१ मध्ये त्यांच्याबरोबर लीग जिंकली आणि थांबला.

मैदानवेडा

सावनीताई, हे लिहिल्याबद्दल आभार. १९९८ चं त्याचं परतणं मलाही फार महत्त्वाचं वाटतं, आणि तर्कट यांच्या कसोटीचं उत्तरही मला त्यातच दिसतं. तेव्हा सीमा उघड्या होत्या आणि त्याला कोणी बोलावून सक्तीने आणलं नव्हतं.

योवानचीही मोकळ्या बाजारातली बाजू सांगतो. क्रांतीनंतर दारं उघडली तशी त्या संघाची पांगापांग झाली. हाजी रियाल माद्रिदला, लकतुश फिओरेंतीनाला, बालिंट बुर्गोसला, रोतारियू गालातासरायला, सगळे १९९० मध्येच. पेत्रेस्कू पुढच्या वर्षी फोज्जाला. योवान तेव्हा तिशीत पोचला होता. तोही १९९१ मध्ये इंग्लंडला ब्रायटनला गेला, मोजकेच सामने खेळला. म्हणजे दारं उघडल्यावर बाहेरचं फुटबॉल बघावंसं त्यालाही वाटलं, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. लकतुश, बालिंट, हाजी पंचविशीत होते, त्यांच्यासाठी क्रांती वेळेवर आली. योवानचं पंचविशीचं वय सेव्हिलच्या वर्षीचं. ती वर्षं तो कुठे घालवणार हे त्याच्या हातात नव्हतं, पण कशी घालवणार हे होतं, आणि त्याने ती पूर्ण ताकदीने स्तेआवाला दिली. माझ्या यादीत त्याचं नाव राहील, शेजारी श्तेफानेस्कू आणि दिनूचंही. बेलोदेदिचला मी त्या यादीत दोनदा लिहीन, एकदा रेड स्टारच्या आणि एकदा स्तेआवाच्या नावापुढे.

कोकणकडा

आज रात्री सामना लावतोय. पूर्ण १२० मिनिटं बघणार, थेट पेनल्टीवर जाणार नाही. मैदानवेडा, योवान ओळखायचा कसा ते सांगून ठेवा.

मैदानवेडा

उजव्या बाजूचा बॅक, दंडावर कर्णधाराची पट्टी. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघा. बेलोदेदिच चेंडू घेऊन पुढे निघाला की योवान काय करतो तिकडे लक्ष ठेवा, मग त्या चौघांची फळी कशी चालायची ते कळेल. बघून झालं की इथे लिहा.